ब्रिटिश रॉक पार्टी, निपाणी

आमच्या घरात भाकरी कडू लागायची. पीठ चांगलं, तवा चांगला, पण भाकरी थापणारे आईचे हात तंबाखूचे. निपाणीत ज्यांच्या घरची बाई वखारीत गेलेली आहे त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. वखार म्हणजे तंबाखूचं गोदाम. बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खाली बसून तंबाखू चाळतात, निवडतात. नाकातोंडात धूळ जाते. घरी आल्यावर राखेनं हात घासले, लिंबाच्या सालीनं घासले, तरी बोटांतला कडूपणा निघत नाही. आम्ही पोरं भाकरीबरोबर गुळाचा खडा मागायचो. तो असला तर असायचा.

वडील एका ब्रास बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. अंगात लाल कोट, त्याला सोनेरी फिती, आणि पायात झिजलेली स्लीपर. नवरदेव मांडवात गेला की बँडवाले बाहेर चपलांच्या ढिगाजवळ बसून राहायचे. जेवायला सगळ्यात शेवटी. मी दहावीत असताना ते गेले. कोट बँडमालकाचा होता, तो तिसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला. त्या दिवशी आईनं मला समोर बसवलं.

"तू काय बी कर. पर दुसऱ्याच्या दारात वाजवाय जायाचं न्हाय. शीक आणि खुर्चीवर बस."

मी शिकलो. बी.ए., इंग्लिश, सेकंड क्लास. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी जिथं संधी मिळेल तिथं लिहितो, इथंही लिहिलं. खुर्चीवर बसायसाठी शिकलो आणि पुढं पंचवीस वर्षं उभा राहून काढली. ब्रिटिश रॉक बँडचा लीड सिंगर म्हणून.

आईनं हे काम कधी काम मानलं नाही. "वाजवणंच की ते. कोट तेवढा न्हाय," म्हणायची. ती एकाही कार्यक्रमाला आली नाही, आणि माझी कमाई घरात येत असतानाही वखारीत जायची थांबली नाही. तिला खोकला लागला होता. डॉक्टरांनी धुळीत बसू नका म्हणून सांगितलं होतं. तिचं म्हणणं एकच, "तुझं वरडणं उद्या बंद पडलं तर खायाचं काय?" माझ्या सगळ्या धंद्यात मला खरी काळजी एकाच गोष्टीची होती. आईचा माझ्या गाण्यावर विश्वास बसावा, आणि तिनं वखार सोडावी.

आता धंदा कसा सुरू झाला ते. बेळगावात कॉलेजला असताना मी कॅम्पात डॉमनिक अंकल म्हणून एक गिटार शिकवणारे होते, त्यांच्याकडं दिवाबत्तीच्या बिलाचे फॉर्म भरून द्यायला जायचो. म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशा, खोलीत भिंतभर कॅसेट. एकदा मी पायरीवरून त्यांना मोठ्यानं हाक मारली, तर ते गिटार टाकून बाहेर आले.

"हा आवाज तुझा? अरे मॅन, हा तर ब्रिटिश आवाज हाय!"

"अंकल, मी निपाणीचा."

"निपाणीचा असेल. पण घसा मँचेस्टरचा हाय."

हा तंबाखूच्या धुळीचा प्रताप, हे मला माहीत होतं. लहानपणी आईबरोबर वखारीत बसून बसून आवाज खरखरीत झाला होता. अंकल म्हणाले, विलायतेत असा आवाज यायला लोक वर्षानुवर्षं सिगारेटी ओढतात, तुला फुकटात मिळाला.

त्यांनी मला दोन वर्षं शिकवलं. बाहेरच्या माणसाला वाटतं रॉक म्हणजे आरडाओरडा. तसं नाही. नरड्यानं ओरडणारा माणूस दोन वर्षांत गप्प बसतो. ओरडायचं पोटातून. अंकल मला जमिनीवर उताणं झोपवायचे आणि पोटावर कॉलेजच्या लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी ठेवायचे. डिक्शनरी वर गेली पाहिजे, मग खाली आली पाहिजे, आणि सूर हलता कामा नये. बी.ए.ला डिक्शनरीचा माझ्याइतका उपयोग कुणी केला नसेल. कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून तांबडा रस्सा बंद, लोणचं बंद, ज्येष्ठमधाची काडी तोंडात. आणि स्टेजवर उभं कसं राहायचं, तर एक पाय समोरच्या स्पीकरच्या खोक्यावर, मान वर, पुढच्या रांगेकडं बघून हसायचं नाही. "ब्रिटिश सिंगर कोणाला नमस्कार करत नाय," अंकल सांगायचे. पहिल्याच कार्यक्रमात मी खोक्यावर पाय ठेवला, तर खालून एक आजोबा ओरडले, "आरं पाय काढ, पाय! त्यावर गणपतीचं ताट ठिवायचंय." मी पाय काढला आणि नमस्कारही केला.

बँडमध्ये आम्ही चौघं. त्यातला अजित तेवढा लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचं काम आहे. चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातला, कीबोर्ड वाजवायचा. घरी कन्नड, शाळेत मराठी, दोन्ही भाषांत त्याला भांडता यायचं. नाव ठेवलं "ब्रिटिश रॉक पार्टी, निपाणी". पेंटरला ड्रमवर माझ्या नावापुढं "बी.ए. इंग्लिश" लिहायला लावलं. तो म्हणाला, जागा पुरत नाही. मी म्हटलं, मग नाव बारीक काढ.

एवढं सगळं होऊन आम्हाला कोण बोलावणार होतं? सहा महिने कुणी बोलावलं नाही. मग आमच्या भागाचा जो जुना प्रश्न आहे, त्यानंच आमचं भलं केलं.

आमच्याकडं माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात, एकमेकांच्या रानात पाणी पाजतात, एका वाक्यात दोन भाषा वापरतात आणि कुणाला काही वाटत नाही. पण लाऊडस्पीकर लागला की वाटतं. ऑर्केस्ट्रानं पहिलं गाणं मराठी घेतलं की मागून आवाज येतो, आधी कन्नड. कन्नड घेतलं की पुढून आवाज येतो, आधी मराठी. मग कुणीतरी जाऊन वायर काढतो. एका गावच्या पतसंस्थेचे लोक असेच तीन वर्षं वायर काढून काढून कंटाळले आणि माझ्या दारात आले.

"तुमी इंग्लिशमधी गाता म्हणं?"

"हो. ब्रिटिश रॉक."

"त्यातलं कुणाला काय कळतंय का?"

"नाही."

"एक शब्दबी?"

"सहसा नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "मग झ्याक हाय. रविवारी या."

स्पीकरच्या परवानगीसाठी ठाण्यात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी फॉर्मवरून डोकं न उचलता विचारलं, "याव भाषे?" म्हणजे कुठली भाषा. मी म्हटलं, इंग्लिश. साहेबांनी डोकं उचललं. खुर्ची दिली. चहा मागवला. असा कागद त्यांनी कधी बघितला नव्हता. पाच मिनिटांत शिक्का. खुर्चीवर बसलो तेव्हा मला आईची फार आठवण झाली.

त्यानंतर आम्हाला उसंत नव्हती. पतसंस्थेचा वर्धापनदिन, खताच्या दुकानाचं उद्घाटन, साखर कारखान्याच्या हंगामाची सुरुवात, निवृत्तीचा सत्कार, एका शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस. जिथं जिथं दोन्ही बाजूंचे लोक एका मांडवात येणार, तिथं ब्रिटिश रॉक.

अडचण होती ती गाण्यांची. सुरुवातीला आम्ही कॅसेटवरून ऐकून विलायती गाणी म्हणायचो. शब्द कळायचे नाहीत, मग मी मध्ये काहीही घालायचो. एकदा पुढच्या रांगेत निवृत्त हेडमास्तर होते. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "दशरथ, तू पाऊण तास जे बोललास ते इंग्रजी नव्हतं. बी.ए. लिहितोस, जरा लाज बाळग." मला रात्रभर झोप नाही. मी ठरवलं, यापुढं स्वतःची गाणी, आणि शंभर टक्के शुद्ध इंग्रजी.

आता शुद्ध इंग्रजी मला किती येत होतं? आमच्यासारख्या पोरांना इंग्रजी कळत नाही, पाठ असतं. जे पाठ होतं तेच मी चालीत बसवलं. पहिलं गाणं ग्रामरमधलं ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, मोहन आंबा खातो, मोहनकडून आंबा खाल्ला जातो. याला अजितनं असा ठेका दिला की बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, उद्यमबागेतल्या कामगारांनी शर्ट काढून हवेत फिरवले. दुसरं, पोस्टमास्तरांना हरवलेल्या पार्सलबद्दल तक्रार. हे संथ. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कशानं ते त्यांनाही माहीत नसायचं. आणि तिसरं, ज्यानं आम्हाला नाव मिळालं, ते म्हणजे आजारपणाच्या रजेचा अर्ज. "रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट, दॅट आय ॲम डाऊन विथ फीवर." शेवटी मी गुडघ्यावर बसून, मान मागं टाकून, डिक्शनरीसह पोटातली सगळी ताकद लावून ओरडायचो, "काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज!" आणि पब्लिक "थ्री डेज! थ्री डेज!" करत उठायचं. त्यांना वाटायचं ही कुठल्यातरी विलायती पोरीची आळवणी आहे.

ब्रिटिश सिंगरला जे सोसावं लागत नाही ते मला सोसावं लागलं, तेही लिहून ठेवतो. संकेश्वरला एका कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच माझा सत्कार केला. शाल, फेटा, नारळ. मी थांबलो, तर संयोजक म्हणाले, "तुमी गावा, गावा, आमी बांधतो." मी तापाचं गाणं म्हणतोय आणि मागून एक माणूस फेटा बांधतोय, त्याचा शेमला माझ्या तोंडावरून फिरतोय. मग नारळ. डाव्या हातात माईक, उजव्यात नारळ, गुडघ्यावर बसायचं राहिलंच. मग दुसऱ्या संस्थेचा सत्कार, दुसरा नारळ. तेवढ्यात निवेदकानं माझा माईक स्वतःकडं ओढला आणि सांगितलं, के-ए तेवीस पासिंगची पांढरी गाडी दूध टँकरला आडवी आहे, काढून घ्यावी. आणि माईक परत माझ्या तोंडाला लावला. सूर जिथं सोडला होता तिथंच धरला. हे विलायतेत कुणाला जमणार नाही, मी सरळ सांगतो.

सांबऱ्याला वेगळंच. तिथं विमानतळ जवळ. विमान आलं की अख्खा मांडव माना वर करतो आणि आपल्याकडं कुणी बघत नाही. सुरुवातीला मी थांबायचो. मग कळलं, थांबलं की पुन्हा पब्लिक जागेवर येत नाही. मग युक्ती काढली. विमान दिसलं की आहे तोच सूर धरून ठेवायचा, ते उतरेपर्यंत. लोकांना वाटायचं विमान आमच्या गाण्यावरच उतरलं. एकदा विमानानं वर दोन घिरट्या घातल्या. त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं.

पण खरी परीक्षा झाली ती उद्यमबागेत. तिथल्या एका फाउंड्रीच्या मालकांकडं इंग्लंडहून खरेदीवाले साहेब येणार होते. मोठी ऑर्डर होती. मालकांनी मला बोलावलं. "साहेबाला घरच्यागत वाटाय पायजे. तुमचं ते ब्रिटिश होऊ द्या." मी हो म्हणून बसलो. अठरा वर्षं मी इंग्रजीत गात होतो, पण इंग्रजी कळणारा माणूस समोर कधी बसलाच नव्हता, एक हेडमास्तर सोडून.

दुपारी बारा वाजता, भट्टीच्या शेडसमोर, साहेब खुर्चीवर बसले. उंच, लालबुंद, पन्नाशीचे. मोहनच्या आंब्याला त्यांनी पाय हलवला. पार्सलच्या तक्रारीला मान हलवली. तापाचं गाणं सुरू झालं आणि ते सावरून बसले. मी गुडघ्यावर बसून तीन दिवसांची रजा मागितली, कामगारांनी भट्टी दणाणून सोडली, आणि साहेब उठून थेट माझ्याकडं आले. माझ्या कपाळाला हात लावला. घामानं निथळत होतो, अंग गरम होतंच. चिंतेनं विचारलं, ताप कधीपासून आहे, आणि खिशातून तापाच्या गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. मग मालकांकडं वळून म्हणाले, या माणसाला तुम्ही आजारी असताना उभं का केलंत?

मालकांना इंग्रजी जेमतेम. ते घाबरले. त्यांनी मला स्वतःच्या गाडीत घालून निपाणीला पोचतं केलं, वर तीन दिवस फिरकू नका म्हणून सांगितलं. ऑर्डर मिळाली. साहेबांनी कळवलं म्हणे, कामगाराची काळजी घेणारा कारखाना आहे.

मी घरी आलो तो उडत. दिवस मावळल्यावर आई वखारीतून येऊन चुलीपुढं बसली. म्हटलं, "आई, आज गोऱ्या साहेबाला माझं गाणं कळलं. सगळं. शब्द न् शब्द."

आईनं भाकरी परतली. "साहेबाला कळलं व्हय. बरं झालं. मला कवा कळायचं?"

तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"अठरा वर्सं वरडतोयस. मला कुणी इचारलं, पोरगं काय गातंय, तर मी काय सांगू? मला कळंल असं एक तरी म्हण. मग येते मी. बसते म्होरं. आणि पटलं तर वखार सोडते."

"खरंच सोडशील?"

"पटलं तर, म्हणलंय मी."

हा पेच बघा. तिला कळायचं तर मराठीत गायला हवं. आणि आमचा सगळा धंदा कुणाला न कळण्यावर चाललेला. अजितला सांगितलं, तर तो कीबोर्डवरून उठला.

"येडा हायस काय दशरथा? इंग्लिश हाय म्हणून शिक्का मिळतोय. मराठीत एक ओळ म्हटलास की गेली वायर."

"एकच गाणं. आईसाठी."

"तुझी आई एक, आणि बाकीचे पाचशे?" मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, "बरं. पण मी बाजूला कन्नडमधी करून ठेवतो. वायर काढाय कोण उठला तर लगेच माझं सुरू. दोन्हीकडं सारखं."

चिकोडीकडच्या एका गावात दूध संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. रविवार, सकाळी अकरा. आई आली. वखारीतल्या दोन मैत्रिणी बरोबर, हातात छत्री, बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली. चेअरमन हारात बुडालेले, शेजारी ठाण्याचे सब-इन्स्पेक्टर. आंबा झाला, पार्सल झालं. मग मी माईक धरला आणि रजेचा अर्ज मराठीत सुरू केला. पुस्तकी मराठीत नाही, आईच्या.

"सायेब, अंग लई तापलंय. सायेब, उभं ऱ्हावंना. तीन दिसांची रजा द्या!"

मांडव गप्प झाला. इतकी वर्षं जे गाणं प्रेमाचं समजून लोक नाचले होते ते काय आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. त्या मांडवात कामाला जाणारी माणसं होती. वखारीतली, फाउंड्रीतली, ऊसतोडीची. एका कोपऱ्यातून हुंकार आला, "खरं हाय बाबा."

आणि दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला, "कन्नडदाग हाडरी!" म्हणजे कन्नडमध्ये म्हणा. दोघं वायरीकडं निघालेच. अजितनं झटक्यात सुरू केलं, "सर, ननग ज्वरा बंदाद!" तीच चाल, तोच ठेका. दोघं जिथल्या तिथं थांबले. शेवटच्या ओळीला अजितनं मान मागं टाकली आणि ओरडला, "नाल्कु दिन रजे कोडरी!"

इथं घोटाळा झाला. आमच्या भागात नाल्कु म्हणजे चार हे शेंबड्या पोरालाही कळतं. अजितला चालीत तीन बसेना, म्हणून त्यानं चार बसवला होता. त्याला वाटलं, एका दिवसानं काय होतंय.

पुढच्या रांगेतला एक पैलवान उभा राहिला. "हे काय? त्यांस्नी चार दिवस आणि आमाला तीनच?"

"आमी काय कमी काम करतोय व्हय?" मागून कुणीतरी.

"तुमचा ताप तीन दिवसांत जातोय, आमचा न्हाय जात!" तिकडून.

मी घाईघाईनं म्हटलं, "आम्हीबी चार करतो," आणि चार दिवसांचं मराठी कडवं गायलो. त्यावर कन्नडवाले म्हणाले, आता आम्हाला पाच. चेअरमन हात जोडून उठले, कुणी ऐकेना. सब-इन्स्पेक्टर उठले. मला वाटलं आता आत टाकतात. त्यांनी माईक घेतला आणि दोन्ही भाषांत सांगितलं, "दोघांनाही सात. आणि आता वाढवायचं नाही. मला स्वतःला दोन वर्षं झाली, एक दिवस मिळाला नाही."

टाळ्या पडल्या. आम्ही दोन्ही भाषांत सात गायलो. मग बायकांच्या बाजूनं ओरडा झाला, सात दिवसांत पुरुषांचं भागत असेल, आमचं काय? पंधरा झाले. मग महिना झाला. सगळा मांडव, कन्नडवाले, मराठीवाले, एका ठेक्यात महिन्याची रजा मागत होता. माझा आवाज फाटत आला होता.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत छत्री वर गेली. आई उभी राहिली होती. ती खोकली, मग बोलली, आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा लांब गेला. आवाज कुणाकडून आलाय ते मला तेव्हा कळलं.

"आरं, मागताय, मागताय! देणारा कोण हाय? त्येला तर कुणी इचारा!"

पाचशे माणसं एकदम चेअरमनकडं वळली. मांडवात हार घातलेला आणि खुर्चीवर बसलेला साहेब म्हणावा असा तोच एक. बिचारे घामाघूम. दूध संस्थेचा चेअरमन कुणाला काय रजा देणार? पण पाचशे माणसं बघत होती. त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला.

"मंजूर," ते म्हणाले. "सगळ्यांची मंजूर."

एवढ्या टाळ्या आम्हाला मँचेस्टरात गेलो असतो तरी मिळाल्या नसत्या.

येताना टेम्पोत आई पुढं बसली होती. तिनं छत्री मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "शेवटचं लई वढलंस. बाकी कळलं."

"पटलं का?"

ती रस्त्याकडं बघत राहिली. "तुझा बाप लोकांच्या दारात वाजवायचा. तू रजा मागाय गेलतास. मागणं येगळं." एवढंच. वडील ते ऐकायला असते तर काय म्हणाले असते, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांना मी कधी एकही गाणं ऐकवू शकलो नाही.

धंद्याचं मात्र त्या दिवसापासून वाटोळं झालं. लोकांना गाणं कळलं होतं. जो तो म्हणे, रजेचं गाणं दोन्ही भाषांत पाहिजे, आणि आधी कुठल्या भाषेत यावरून वायर निघू लागली. ठाण्यातल्या साहेबांनी खुर्ची द्यायचं बंद केलं. एका कारखान्यानं तर आम्हाला गेटातून परत पाठवलं, तुमचं गाणं ऐकून कामगार अर्ज टाकतात म्हणून. आम्ही आणखी सात वर्षं रेटलं. मग माझा घसा बसला, डॉमनिक अंकल वारले, अजित शेतीकडं गेला. आता मी निपाणीत मुलांना इंग्रजी शिकवतो, बसून. तक्रार नाही. पण ते मराठी कडवं गायलो नसतो तर पार्टी कदाचित अजून चालू असती, हे मी स्वतःशी कबूल करतो.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी वखारीतून एक बाई बोलवायला आली. "आक्का, आज उशीर का गं?"

आई उंबऱ्यात बसून चहा पीत होती. "मी रजेवर हाय."

"रजेवर? किती दिस?"

"म्हयनाभर. चेअरमननी मंजूर केलीया, पाचशे मानसांम्होरं."

"आणि मग?"

"मग वाढवून घ्यायची."

महिना झाला, तिनं वाढवून घेतली. त्यानंतर आई एकही दिवस वखारीत गेली नाही. तिचा खोकला कमी झाला. मी बी.ए. झालो, पंचवीस वर्षं रॉक गायलो, आणि माझ्या आईला रजा मिळवून दिली.